मिसिंग मारणारी गाडी आणि ओमानचा खरीफ

मस्कतमध्ये राहिलेल्या मराठी माणसाला रुवी कुठे आहे हे सांगावं लागत नाही. भाजी, इडली, सोनं, घरी पैसे पाठवायची दुकानं, सगळं तिथेच. पण वर्षानुवर्षं रुवीतून ये-जा करूनही तिथला पांढरा किल्ला आतून न पाहिलेले पुष्कळ जण भेटतात. त्याचं नाव बैत अल फलज. फलज म्हणजे ओमानी पद्धतीचा पाण्याचा पाट. पाटाकाठचं घर, इतका साधा त्या नावाचा अर्थ. १८४५ साली बांधलेली ही वास्तू पुढे ओमानच्या सैन्याचं मुख्यालय झाली. तिच्या शेजारच्याच मोकळ्या जागेत १९७३पर्यंत मस्कतचा विमानतळ होता. १९८८पासून तिथे सुलतानाच्या सशस्त्र दलांचं संग्रहालय आहे.

आपला या घराशी संबंध बराच जुना आहे. जानेवारी १९१५मध्ये इमामाच्या बाजूच्या टोळ्या त्यावर चालून आल्या, तेव्हा ते राखणारे शिपाई हिंदुस्थानी होते: ९५वी रसेल्स इन्फंट्री आणि मुंबईच्या जुन्या सैन्यातून आलेली १०२वी ग्रेनेडिअर्स. पण आज मला तुम्हाला त्या लढाईबद्दल सांगायचं नाही. संग्रहालयाच्या आवारात जुन्या लष्करी गाड्या उभ्या आहेत. मुलं त्यांच्यासमोर फोटो काढतात, मोठी माणसं पाटी वाचून पुढे जातात. पाटीवर गाडी कोणती ते असतं. ती गाडी कुठे आणि का बंद पडायची, हे पाटीवर नसतं. माझ्या मते ओमानच्या विसाव्या शतकातल्या दोन युद्धांचा बराचसा भूगोल त्या प्रश्नाच्या उत्तरात आहे.

आपल्याकडचे मिस्त्री म्हणतात, ‘गाडी मिसिंग मारतेय.’ चार किंवा सहा सिलिंडरांपैकी एखादा आपल्या पाळीला पेटत नाही, इंजिन लंगडतं, चढावर दम टाकतं आणि मधूनच सायलेन्सरमधून फटाका वाजतो. सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात: योग्य प्रमाणात पेट्रोल आणि हवा, ते नीट दाबलं जाणं, आणि नेमक्या क्षणी ठिणगी. तिघांपैकी एक चुकली की मिसिंग. हे सगळीकडे सारखंच. पण तिघांपैकी कोणती चुकणार, हे मात्र गाडी कुठे उभी आहे यावर ठरतं.

उदाहरणादाखल फेरेट घेऊ. ही ब्रिटिशांची छोटी चिलखती टेहळणी गाडी, कॉव्हेंट्रीच्या डेमलर कंपनीने १९५२पासून बनवलेली, वजनाने चार टनांच्या आसपास. तिला पाच गिअर पुढचे आणि पाचही उलटे, म्हणजे संकटात सापडली तर तोंड न फिरवता तितक्याच वेगाने मागे पळता यावं. इंजिन मागे, रोल्स-रॉइसचं बी-६०, सहा सिलिंडर, सव्वाचार लिटर. याच घराण्यातलं आठ सिलिंडरचं बी-८० इंजिन सॅलडिन या मोठ्या, तोफ असलेल्या चिलखती गाडीत होतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याकडे इतक्या तऱ्हेतऱ्हेची इंजिनं झाली होती, की एका गाडीचा सुटा भाग दुसरीला लागत नसे. त्यावर उपाय म्हणून चार, सहा आणि आठ सिलिंडरांचं हे एकच घराणं तयार केलं आणि शक्य तितके भाग सामाईक ठेवले. जगात कुठेही मिळेल ते हलकं पेट्रोल पचावं म्हणून त्यांचं कॉम्प्रेशन मुद्दाम कमी ठेवलं होतं.

आता या इंजिनाची एक खोड सांगतो. साध्या गाडीत मिसिंग शोधायची आपल्या मिस्त्रींची पहिली युक्ती तुम्ही पाहिली असेल. इंजिन चालू ठेवून एकेका प्लगची वायर काढायची. वायर काढल्यावर इंजिन आणखी लंगडलं, तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही, तर मेलेला सिलिंडर तोच. फेरेटमध्ये हे जमत नाही. ठिणगी उडते तेव्हा रेडिओत खरखर उठते, आणि या गाडीचं कामच वायरलेसवरून बातमी देणं. म्हणून तिची सगळी विजेची यंत्रणा धातूच्या आवरणात बंद केलेली असते. वायरींवर विणलेली जाळी, प्लगवर आटे फिरवून बसवलेली टोपणं, डिस्ट्रिब्युटर एका बंद डब्यात. पाण्यातून जाता यावं हाही त्यात हेतू होता.

मग मेलेला सिलिंडर शोधायचा कसा? थंड इंजिन चालू करायचं, मिनिटभर थांबायचं आणि एक्झॉस्टच्या प्रत्येक तोंडावर पाण्याचा एकेक थेंब टाकायचा. जिथे चुर्रकन उडून जातो तो सिलिंडर जिवंत. जिथे थेंब नुसताच ओघळतो, तो मेलेला. तव्यावर पाणी शिंपडून भाकरी टाकायची वेळ झाली का ते बघणाऱ्या बाईला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. सिलिंडर सापडला की त्याचा प्लग काढून रंग बघायचा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. काळी कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. तेलकट काळा म्हणजे ऑइल वर येतंय. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी पडतंय किंवा प्लग फार तापतोय. मग हाच प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये घालायचा. रोग प्लगबरोबर गेला तर दोष प्लगचा, जागेवरच राहिला तर दोष दुसरीकडे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा नियम. घाईत दोन बदलल्या आणि गाडी सुरू झाली, तर कशामुळे झाली ते कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी तिथेच उभी राहते.

आता ही गाडी घेऊन ओमानच्या आतल्या भागात चला. १९५७च्या जुलैमध्ये इमाम गालिब, त्याचा भाऊ तालिब आणि जबल अखदरचा सरदार सुलेमान बिन हिम्यार यांनी सुलतान सईद बिन तैमूरविरुद्ध उठाव केला. ऑगस्टमध्ये सुलतानाने ब्रिटिशांच्या मदतीने निझवा परत घेतलं, पण बंडखोर डोंगरावर चढून बसले आणि दीड वर्ष उतरले नाहीत. खालच्या वाटांवर फेरेट फिरत होत्या आणि त्याच वाटांवर सुरुंग पेरले जात होते.

तिथल्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो. चिलखताच्या पेटीत बसवलेल्या इंजिनाला वारा आधीच कमी, त्यात गाडी हळू चाललेली. अशा वेळी दोन रोग होतात आणि दोन्ही दिसायला सारखे असतात. पहिला म्हणजे पेट्रोल नळीतच उकळतं. वाफेचे बुडबुडे पंपाला ओढता येत नाहीत, कार्बोरेटर उपाशी राहतं, इंजिन अडखळतं आणि बंद पडतं. दुसरा रोग कॉईलचा. तिच्यात हजारो वेढ्यांची बारीक तार असते. तापल्यावर तारेवरचं आवरण दगा देतं, करंट आतल्या आतच मुरतो आणि ठिणगी दुबळी होते. दोन्ही रोगांत गाडी अर्धा तास सावलीत उभी राहिली की शहाण्यासारखी सुरू होते. म्हणजे वर्कशॉपमध्ये आणेपर्यंत दोष गायब. म्हणून निदान गाडी तापलेली असतानाच, रस्त्यावर करावं लागतं. पेट्रोलची नळी सैल करून बघायची. बुडबुडे फसफसत आले तर दोष पेट्रोलचा. पेट्रोल नीट येत असेल तर जादा प्लग लावून ठिणगी बघायची. निळी, कडकडीत असेल तर कॉईल ठीक, पिवळसर आणि मरगळलेली असेल तर कॉईल किंवा कंडेन्सर.

यातला पहिला रोग तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी पाहिलाय. मे महिन्यात खंडाळ्याच्या किंवा खंबाटकीच्या घाटात बॉनेट उघडून उभ्या असलेल्या फियाट आठवा. वडील पाण्याची बाटली घेऊन पंपावर ओलं फडकं ठेवतायत, आई मुलांना कठड्यापासून दूर धरून उभी. उपाय तोच, ओलं फडकं. फरक इतकाच, की खंबाटकीत मागून येणारा ट्रकवाला फार तर शिव्या द्यायचा. निझव्याजवळच्या वाटेवर बंद पडलेल्या गाडीला वळसा घालायचा, तर मागच्या गाडीला मळलेल्या चाकोरीतून बाहेर पडावं लागणार, आणि सुरुंगाच्या मुलखात चाकोरी सोडण्याची किंमत काय ते सगळ्यांना ठाऊक होतं. एका सिलिंडरच्या आजारपणाला असा अर्थ येतो.

डोंगर शेवटी गाड्यांनी जिंकला गेला नाही. वर जायला गाडीरस्ताच नव्हता. सैकचं पठार सुमारे २,००० मीटरवर, आणि तिथवर फक्त माणसांच्या आणि गाढवांच्या वाटा. जानेवारी १९५९मध्ये ब्रिटिशांच्या स्पेशल एअर सर्व्हिसच्या तुकड्या रात्रीत चढून गेल्या. त्यांच्या मदतीला लाइफ गार्ड्स या रेजिमेंटचे जवान होते. त्यांनी आपल्या गाड्या खाली ठेवल्या आणि ब्राउनिंग मशीनगन घेऊन पायी डोंगर धरला. आज त्याच डोंगरावर डांबरी रस्ता गेलाय आणि गुलाबाच्या हंगामात मस्कतची मराठी मंडळी सहलीला जातात. एखादी जुनी कार्बोरेटरवाली जीप घेऊन कोणी गेलंच, तर वर गेल्यावर ती काळा धूर सोडत लंगडेल. तितक्या उंचीवर हवा पाचवा हिस्सा विरळ होते आणि पेट्रोल त्या मानाने जास्त पडतं. प्लग काढून बघा, काजळी धरलेली असेल.

आता दक्षिणेला, धोफारला चला. इथे गोष्ट उलटी होते.

धोफारमध्ये जूनच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंतच्या हंगामाला खरीफ म्हणतात. शब्द ओळखीचा वाटला ना? आपला खरीप तोच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ शरद ऋतू. फारसी महसुली कागदांतून तो आपल्या सातबाऱ्यापर्यंत आला आणि पावसाळी पिकाला चिकटला. धोफारात मात्र तो त्या धुक्याचं आणि बुरबुर पावसाचं नाव झाला. ढग आणणारा वारा तोच नैर्ऋत्य मोसमी वारा, जो कोकणात मिरगाचा पाऊस आणतो. कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद असायचा, तसा सलालाचा उघडा किनाराही या महिन्यांत बंद पडायचा. रेसूतचं बंदर होण्याआधी तिथे छोट्या होड्यांतून माल उतरवायचे, आणि खवळलेल्या समुद्रात ते शक्य नसे. समुद्राकडच्या डोंगरउतारावर इतकं धुकं की समोरचा माणूस दिसत नाही, चिखल इतका की चाक जागेवर फिरतं. आणि डोंगर ओलांडून ८० किलोमीटरवरच्या थुमरैतला पोचलात तर पुन्हा कोरडं वाळवंट.

म्हणजे एकच गाडी एकाच दिवसात दोन वेगवेगळ्या रोगांच्या मुलखांतून जाते. धुक्यात डिस्ट्रिब्युटरच्या टोपणात दमट हवा जाते, आतल्या बाजूला पाण्याची झिलई चढते आणि करंट प्लगकडे जाण्याऐवजी त्या ओलाव्यावरून भलतीकडे पळतो. सैन्यात सगळ्यात जास्त वापर होता तो साध्या लँड रोव्हरचा. तिचं पेट्रोल इंजिन चार सिलिंडरचं, सव्वादोन लिटर, पेटण्याचा क्रम एक-तीन-चार-दोन. ज्या साध्या गाडीला धातूची आवरणं नसत, तिचा डिस्ट्रिब्युटर उघडाच, पाणी उडालं की ओला. हिंदमाताच्या पाण्यात बंद पडलेली पद्मिनी टॅक्सी आठवा. लँड रोव्हर चालवणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे: रबरी हातमोज्याच्या बोटांची टोकं कापायची, त्यांतून वायरी ओवायच्या आणि मोजा डिस्ट्रिब्युटरवर चढवायचा. सॅलडिनसारख्या गाडीत हा प्रश्न बंद डब्याने सोडवलेला असतो, पण बंद डब्याची दुखणी वेगळी. ठिणग्यांमुळे आत ओझोन साचतो, ओलावा एकदा शिरला की बाहेर पडत नाही, आणि पॉइंट व टोपण हळूहळू खराब होतात. डब्यातली हवा खेळती राहिली नाही, तर संरक्षणच रोग होतं.

तिसरा संशयित नेहमीच असतो: पेट्रोल. ओमानमधून कच्चं तेल परदेशी जायला लागलं १९६७मध्ये, पण तेल शुद्ध करण्याचा कारखाना मिना अल फहलला झाला १९८२मध्ये. मधल्या सगळ्या वर्षांत तेलाच्या देशातल्या गाड्या बाहेरून आलेल्या पेट्रोलवर चालत होत्या. ते पिंपांत आणि जेरीकॅनमध्ये राहायचं. अर्धं रिकामं पिंप दिवसा तापतं, रात्री निवतं आणि निवताना बाहेरची दमट हवा आत ओढतं. त्या हवेतलं पाणी तळाशी साचतं, पत्रा गंजतो, आणि गंज व पाणी दोन्ही कार्बोरेटरच्या बारीक छिद्रापाशी जाऊन बसतात. ‘कार्बोरेटरमध्ये कचरा आलाय,’ हे आपल्या गल्लीतल्या मिस्त्रीचं वाक्य तिथेही तितकंच खरं.

या मुलखात १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तेल शोधणाऱ्या कंपनीच्या गाड्यांवर हल्ले झाले आणि १९६५च्या जूनमध्ये धोफार मुक्ती आघाडीने उघड युद्ध पुकारलं. बंडखोर डोंगरातलेच. ते पायी चालत, सामान उंटांवर आणि गाढवांवर. त्यांना ना कॉईल होती, ना कार्बोरेटर. सलाला ते थुमरैत हा रस्ता म्हणजे सरकारची गळ्याची नस, आणि तोच त्यांनी पुढे तोडला. खरिफात तर डोंगर पूर्णपणे त्यांचा असायचा. विमानं उडत नसत, गाड्या चढत नसत, आणि उन्हाळ्यात पुढे गेलेलं सैन्य पावसाळ्यात मागे यायचं. दरवर्षी आधीचं काम वाया.

जुलै १९७०मध्ये काबूस सुलतान झाले. तेव्हा सगळ्या देशात पक्का रस्ता जेमतेम दहा किलोमीटर होता, असं सांगितलं जातं. चलनात त्याच वर्षीच्या मे महिन्यापर्यंत भारताच्या रिझर्व्ह बँकेने छापलेला आखाती रुपया होता. १९७१च्या ऑक्टोबरमध्ये ऑपरेशन जॅग्वार सुरू झालं आणि त्यानंतर खरिफातही डोंगरावर ठाण मांडून राहायचं धोरण आलं. १९ जुलै १९७२ला ऐन खरिफात मिरबातवर अडीचशेच्या आसपास बंडखोरांनी पहाटे हल्ला केला, तो दिवस त्यांनी विचार करूनच निवडला होता. ढग खाली असले की विमानं येणार नाहीत, हा त्यांचा हिशेब. तो थोडक्यात चुकला. ढगांच्या खालून स्ट्राइकमास्टर विमानं आली. सलाला-थुमरैत रस्ता १९७३च्या अखेरीस इराणी सैन्याच्या मदतीने मोकळा झाला आणि ११ डिसेंबर १९७५ला युद्ध संपल्याचं जाहीर झालं. तोच दिवस ओमान आजही सशस्त्र दल दिन म्हणून पाळतो.

हे युद्ध मिस्त्रींनी जिंकलं असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणं खोटं होईल. शरण आलेल्यांना माफी, विहिरी, दवाखाने, बाहेरची फौज आणि तेलाचा पैसा, ही मोठी कारणं आहेत. शिवाय डोंगरातल्या लोकांच्या तक्रारी खऱ्या होत्या, हे पुढे सरकारलाही मान्य करावं लागलं. पण पावसाळ्यात डोंगरावर टिकायचं ठरलं, की त्या निर्णयाचा भार कुठेतरी एका वर्कशॉपवर पडतो. शंभर गाड्यांपैकी किती सकाळी सुरू होतात, यावर वर किती पाणी आणि किती औषधं पोचतात ते ठरतं.

आणि त्या वर्कशॉपमध्ये कोण होतं? सैन्यात अधिकारी बरेचसे ब्रिटिश, शिपाई ओमानी आणि बलुची, आणि कारागिरांमध्ये भारतीय आणि पाकिस्तानी. या युद्धावरची बहुतेक इंग्रजी पुस्तकं अधिकाऱ्यांनी लिहिली. त्यांत हल्ले आहेत, रात्रीच्या चढाया आहेत. गाडी बंद पडल्याचा उल्लेख आला तर एका ओळीत, आणि ती सुरू झाल्याचा उल्लेख बहुधा येतच नाही. सुरू झालेल्या गाडीची कोणी नोंद करत नाही.

अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे आणि १९९४पासून तिथे रणगाड्यांचं संग्रहालयही आहे. सुट्टीत गावी गेलात तर मुलांना जरूर दाखवा. तिथे किंवा बैत अल फलजला, गाडीपुढे उभे राहिलात की तोफेच्या नळीकडून नजर थोडी मागे न्या, इंजिनाच्या झाकणाकडे. हे झाकण भर उन्हात किंवा धुक्यात, रस्त्याच्या कडेला उघडलं गेलं असेल. कोणीतरी तापलेल्या लोखंडावर पाण्याचा थेंब टाकून कान देऊन ऐकलं असेल.

आपल्यातल्या कितीतरी घरांत आखातात फिटर, मेकॅनिक, इलेक्ट्रिशियन म्हणून गेलेला एक काका किंवा मामा असतो. आयटीआय करून मुंबईहून निघालेला, नंतर गावाकडे परतून शांतपणे राहणारा. त्याला ‘तिकडे कसं होतं?’ असं विचारलं तर तो म्हणेल, ‘होतं बरं.’ तसं विचारू नका. त्याला विचारा, ‘सगळ्यात जास्त दिवस न सापडलेला फॉल्ट कोणता होता, आणि शेवटी तो कशात निघाला?’ मग वही घेऊन बसा. साल, गाव, गाडीचं नाव, पेट्रोल कुठून यायचं, सोबत कोण होतं, पगार कोणत्या नाण्यात मिळायचा, सगळं लिहून घ्या. तो तासभर तरी बोलेल, आणि त्यातलं बरंचसं अजून कुठेही लिहिलेलं नसेल.